पत्ता खरा हवा

(वाचनालयाच्या पावसाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. बोलण्याची धाटणी तशीच ठेवून संपादित केलं आहे.)

नमस्कार. एवढ्या पावसात तुम्ही आलात, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून काहीजण सतरंजीवर बसलेत, याचा मला मनापासून आनंद झाला आहे. पत्रिकेत विषय छापलाय 'नेस्टर बुर्माचं पॅरिस'. बुर्मा म्हणजे फ्रेंच लेखक लेओ माले याच्या कादंबऱ्यांतला खासगी गुप्तहेर. खासगी गुप्तहेराच्या कादंबऱ्यांत खरं शहर कसं आणि का येतं, यावर मी बोलणार आहे. त्यातला 'का' महत्त्वाचा आहे आणि तो मी शेवटी घेईन.

तुमच्यापैकी बरेच जण मला ओळखता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मी सिटी सर्व्हेत ३१ वर्षं भूकरमापक होतो. साखळी, टेप, हद्दीचे दगड, टिपणं यांत माझा जन्म गेला. त्यामुळे कादंबरी हातात घेतली की मी आधी पत्ता बघतो. खून कोणी केला हे नंतर. 'शहराच्या एका गल्लीत' असं वाक्य आलं की माझं मन उडतं. कुठल्या गल्लीत? पूर्वेला काय आहे? तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे 'मारुतीच्या देवळामागे' एवढं सांगून भागत नाही. पत्र्या मारुती की भिकारदास मारुती, सोन्या की डुल्या, की जिलब्या, हे विचारावं लागतं. (सभागृहातून : "अकरा मारुती!") हो, अकरा मारुतीही. आभारी आहे. या माणसाला मोजणीला न्यायला हरकत नाही.

तर लेओ माले. जन्म १९०९, फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या मोंपेलिए गावात. आईवडील लहानपणीच गेले, आजोबांनी वाढवलं. आजोबा लाकडी पिंपं बनवायचे. १९२५ साली सोळाव्या वर्षी हा मुलगा पॅरिसला आला आणि मोंमार्त्रमधल्या एका छोट्या कॅबरेत गाणी म्हणू लागला. पुढे पडेल ते काम केलं, पेपर विकले, पुलाखाली झोपला, अराजकवाद्यांच्या संगतीत राहिला, सररिअलिस्ट कवींच्या गोटात वावरला. महायुद्धात जर्मनांच्या छावणीत कैदी होता. सुटून आल्यावर १९४३ साली, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असतानाच, त्याची नेस्टर बुर्माची पहिली कादंबरी आली. तिचं नाव '१२०, रू द ला गार'. म्हणजे '१२०, स्टेशन रोड'. बुर्माच्या पहिल्या पुस्तकाचं नावच पत्ता! हे मला कळलं त्या दिवशी हा माणूस माझा झाला.

पण आजचा विषय त्यानंतरचा आहे. १९५४ साली मालेने ठरवलं की पॅरिसच्या प्रत्येक आरोंदिस्मांवर एक कादंबरी लिहायची. आरोंदिस्मां म्हणजे वॉर्ड समजा. १८६० पासून पॅरिसचे २० वॉर्ड आहेत आणि त्यांची रचना फार सुंदर आहे. पहिला लुव्रपाशी, मग दुसरा, तिसरा असे गोगलगायीच्या शंखासारखे घड्याळाच्या दिशेने गोल गोल बाहेर जातात. घरांचे नंबरही शिस्तीत. सेन नदीला काटकोनात जाणाऱ्या रस्त्यावर नंबर नदीपासून सुरू होतात, समांतर रस्त्यावर प्रवाहाच्या दिशेने वाढतात. रस्त्याची निळी पाटी, तिला हिरवी चौकट आणि वर वॉर्डाचा आकडा. अशी पाटी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हात लावून पाहिली. एनॅमलची होती, गार.

माफ करा, मूळ मुद्द्याकडे येतो.

या मालिकेला त्याने नाव दिलं 'पॅरिसची नवी रहस्ये'. एकोणिसाव्या शतकात अजेन सूने 'पॅरिसची रहस्ये' लिहिली होती, तिची ही आठवण. १९५४ ते १९५९ या काळात १५ कादंबऱ्या झाल्या. नायक नेस्टर बुर्मा, बैलाच्या तोंडाच्या आकाराचा पाइप ओढणारा. त्याच्या एजन्सीचं नाव 'फिआट लक्स', म्हणजे 'प्रकाश होवो'. सेक्रेटरी हेलेन, पोलिसांतला मित्र फारू. ऑफिस दुसऱ्या वॉर्डात, रू दे पेती-शां या रस्त्यावर. हा रस्ता लक्षात ठेवा, मला तो पुढे लागणार आहे.

आता तोल्बियाकची गोष्ट. माझ्या बायकोने येताना बजावलंय की ही गोष्ट लांबवू नका. पण ही सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

१९५६ सालची कादंबरी, 'तोल्बियाक पुलावरचं धुकं'. तेरावा वॉर्ड. साल्पेत्रिएर इस्पितळातून बुर्माला एका मरणासन्न माणसाचं पत्र येतं. तो पोचेपर्यंत माणूस गेलेला असतो. तो भंगार गोळा करणारा निघतो, आणि बुर्माच्या तरुणपणीचा सोबती. १९२७ साली दोघं रू द तोल्बियाकवरच्या शाकाहारी वसतिगृहात राहिलेले असतात. गंमत अशी की ते वसतिगृह खरोखर होतं, आणि माले स्वतः तिथे राहिला होता. बुर्मा या वॉर्डात पाऊल टाकतो ते नाक मुरडतच. इथे दारिद्र्याचा वास आहे, त्याला इथे परत यायचंच नव्हतं. या पुस्तकात तो खुनी शोधतो ते मला दुय्यम वाटतं. ज्या गल्ल्यांत आपण उपाशी झोपलो त्या गल्ल्यांतून जाडजूड कोट घालून चालणं, हे खरं पुस्तक आहे.

मी ते इंग्रजी भाषांतरातून वाचलं, आणि फ्रेंच शिकवणाऱ्या माझ्या भाचीने मूळ पुस्तकाशी काही पानं ताडून दिली. २०१५ च्या ऑक्टोबरात मुलीकडे पॅरिसला गेलो तेव्हा पहिल्या रविवारी म्हटलं, आयफेल टॉवर राहू दे, मला तोल्बियाक पुलावर ने.

गेलो. सेनवर तोल्बियाक नावाचा पूल आहे. १८८२ चा, दगडी, कमानींचा. मी मधोमध उभा राहिलो. खाली पाणी, बोटी. पण पुस्तकात पुलाखालून पाणी वाहत नाही, पुस्तकात खाली रेल्वेचे रूळ आहेत, वाफ आहे, लोखंड आहे. मी नकाशा काढला, पुस्तक काढलं. जुळेना. दहा मिनिटं गेली. भाजीची चाकांची पिशवी ओढत एक म्हातारे गृहस्थ येत होते. मुलीने त्यांना विचारलं. त्यांनी पुस्तकाचं मुखपृष्ठ पाहिलं, हसले, आणि हात लांब करून पूर्ण पाठीमागे दाखवला. मुलगी म्हणाली, "बाबा, हा पूल नव्हे. तुमचा पूल तिकडे होता, रुळांवरचा. लोक त्यालाही तोल्बियाकचा पूलच म्हणायचे. तो पाडला."

'पाडला' हा शब्द मी ३१ वर्षं ऐकत आलोय. प्रॉपर्टी कार्डावर शेरा मारायचीही सवय आहे. पण त्या दिवशी मला तो लागला.

आम्ही तिकडे चालत गेलो. आता तिथे आव्हन्यू द फ्रांस नावाचा रुंद, नवाकोरा रस्ता आहे. रूळ अजून आहेत, पण त्यांच्यावर स्लॅब टाकून वर शहर बांधलंय. पायाखालून गाड्या जातात आणि तुम्हाला दिसत नाहीत. ऑस्टरलित्झ स्टेशनच्या रुळांवरचा तो लोखंडी पूल १८९५ चा. पाडला १९९६ साली. माले वारला तो १९९६ च्या मार्चमध्ये. आणि शेजारीच नवं राष्ट्रीय ग्रंथालय उभं आहे, उघडलेल्या पुस्तकासारखे काटकोनी चार मनोरे. ते वाचकांना खुलं झालं तेही १९९६ च्या डिसेंबरात.

आता तो रस्ता आठवा, रू दे पेती-शां. राष्ट्रीय ग्रंथालयाची जुनी इमारत, जिथून ही लाखो पुस्तकं तोल्बियाकला हलवली, तिची दक्षिण हद्द म्हणजे रू दे पेती-शां! बुर्माच्या ऑफिसच्या शेजारून पुस्तकं निघाली आणि बुर्माच्या पाडलेल्या पुलाशेजारी येऊन राहिली. फ्रान्समध्ये छापलेल्या पुस्तकाची प्रत सरकारकडे जमा करायचा नियम १५३७ पासून आहे, म्हणजे ही कादंबरीही त्या मनोऱ्यांत कुठेतरी असणार. पूल गेला, पुलाचं पुस्तक त्याच वॉर्डात राहायला आलं. मी तिथे पायरीवर बसलो आणि मुलीला म्हटलं, थोडा वेळ बोलू नकोस.

तो भंगारवाला जिथे राहायचा ती पासाज दे ओत-फॉर्म नावाची बोळकंडीही आम्ही शोधली. नाव आहे, बोळ नाही. १९७९ साली पूर्ण झालेली पोर्झांपार्क या वास्तुविशारदाची घरं तिथे आहेत, बाहेरून मुलं ती बघायला येतात. चांगली आहेत हो, उजेडाची, हवेशीर. गरीब माणसाला चांगलं घर मिळालं तर मी कोण नको म्हणणारा? माझं एवढंच म्हणणं आहे की आधी काय होतं याची नोंद राहावी.

कारण नोंद कशी जाते ते मी पाहिलंय. एका ठिकाणी, नाव नको, जुन्या गल्लीच्या हद्दीचा वाद होता. जुने नकाशे मागवले. रेकॉर्ड रूममध्ये तीन पावसाळे गळती होती, नकाशांचा लगदा झाला होता. जागेच्या दस्तात चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंची हद्द, लिहिलेली : उत्तरेस नळकोंडाळं. ते कोंडाळं कुठे होतं हे कुठल्याच कागदावर नव्हतं. शेवटी एका आजीने काठीने जमिनीवर टकटक करून दाखवलं, "इथं. पहाटे चारला इथं मारामाऱ्या व्हायच्या." मी तिथे टेप धरला. तो पंचनामा मी आयुष्यभर विसरणार नाही.

(आयोजकांकडून चिठ्ठी येते.) दहा मिनिटं? बरं. मग आता मुख्य मुद्दा, भराभर.

माझं म्हणणं असं, की खासगी गुप्तहेराची चांगली कादंबरी हा शहराचा स्थळ-पंचनामा असतो. सरकारी नकाशात रस्त्याची रुंदी मिळते. जिन्यात कसला वास येतो, कुठल्या हॉटेलात कोण उधारीवर जेवतं, हे मिळत नाही. पोलीस अधिकारी गाडीतून येतो आणि दार उघडलं जातं. खासगी हेराला कोणी दार उघडत नाही. त्याला पायी फिरावं लागतं, दुकानदाराशी गप्पा माराव्या लागतात, थांबावं लागतं. त्या थांबण्यात शहर लिहिलं जातं.

दुसरं, युद्धानंतरचाच काळ का? कारण १९५४ चं पॅरिस हे पाडायच्या आधीचं पॅरिस आहे. पहिल्या वॉर्डातल्या कादंबरीत ले आल हा घाऊक बाजार आहे. तो १९६९ साली गावाबाहेर गेला आणि त्याचे लोखंडी मंडप पुढे पाडले. दुसऱ्या वॉर्डात सांतिएचा कापडबाजार आहे, आणि मालेने नाव दिलंय 'कित्येक किलोमीटर कफन'. पंधराव्या वॉर्डात जाव्हेल, जिथे सित्रोएनचा मोटार कारखाना होता. जंतुनाशक म्हणून फ्रेंच लोक जे 'जाव्हेलचं पाणी' वापरतात ते पूर्वी तिथे बनायचं, म्हणून कादंबरी 'जाव्हेलचं गढूळ पाणी'. कारखाना सत्तरच्या दशकात बंद झाला, १९९२ पासून तिथे बाग आहे. त्या कादंबरीत अल्जीरियातून आलेले कामगार आहेत, अल्जीरियाचं युद्ध चालू आहे. इथे मला स्पष्ट बोललं पाहिजे. अरबांबद्दल मालेच्या मनात आकस होता, उतारवयात तो उघड बोलूनही दाखवला, आणि ते मला मुळीच मान्य नाही. पण पंचनाम्याखाली पंचाची सही असते. कोणी पाहिलं हे कळतं, आणि त्याची नजर वजा करून वाचता येतं. लगदा झालेल्या नकाशातून काय वजा करणार?

तिसरं, फ्रेंच चित्रकथाकार जॅक तार्दी. १९८२ साली त्याने तोल्बियाकच्या कादंबरीचं चित्ररूप केलं. पूल तेव्हा उभा होता. खांब, जाळ्या, ओला रस्ता, सगळं काळ्यापांढऱ्यात. आज तो पूल बघायचा तर मी ते पुस्तक उघडतो. आपल्याकडे २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईचा कर्नाक पूल पाडला, १८६८ चा, तोही रुळांवरचा. २७ तासांचा ब्लॉक घेतला होता. ती बातमी वाचताना मी कपाटातून तार्दीच काढला होता. तुमच्यापैकी जे लिहितात त्यांना हात जोडून सांगतो, तुमच्या गोष्टीतल्या माणसाला खऱ्या पुलावरून चालवा.

आणि शेवटचं. १५ झाल्या, पाच राहिल्या. सातवा, अकरावा, अठरावा, एकोणिसावा, विसावा. सातव्यात आयफेल टॉवर आहे. एकोणिसाव्यात ला व्हिलेतचे कत्तलखाने होते, ते १९७४ साली बंद झाले. आणि अठरावा म्हणजे मोंमार्त्र, जिथे सोळा वर्षांचा लेओ गाणी म्हणायचा. तोच राहिला. मी २० वॉर्डांचा नकाशा काढून आणलाय, १५ रंगवलेत, पाच कोरे ठेवलेत. तिकडे टेबलावर आहे. तोल्बियाकपाशी लाल शाईने दोन पूल दाखवलेत, एक नदीवरचा आणि एक रुळांवरचा. बघताना चहाचे कप जरा लांब ठेवा, शाई ओली झाली तर पसरते.