बँडस्टँडचं शेवाळ आणि बीपीची गोळी

ओहोटी लागली की बांद्र्याला बँडस्टँडचे काळे खडक उघडे पडतात, आणि त्यावर ते हिरवंगार निसरडं काहीतरी असतं ना, सेल्फी काढायला गेलेला माणूस ज्याच्यावरून हमखास घसरतो, तेच हे समुद्री शेवाळ. यातलं हे उल्व्हा. पाती म्हणजे पेशींचे जेमतेम दोन थर, उजेडात धरलं की आरपार दिसतं.

आता याचा आणि घरी आजोबा रोज सकाळी घेतात त्या बीपीच्या गोळीचा काय संबंध? तर आहे, पण मध्ये एक साप येतो. आपल्या शरीरात एसीई नावाचं एक एन्झाइम असतं, ते अँजिओटेन्सिन टू बनवतं, त्याने रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि प्रेशर चढतं. १९६५ मध्ये सर्जिओ फेरेरा या ब्राझीलच्या शास्त्रज्ञाने तिथल्या जराराका सापाच्या विषातल्या पेप्टाइड्सवर, म्हणजे प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांवर, काम मांडलं, पुढे कळलं की ती या एसीईलाच अडवतात, आणि त्या धाग्यावरून कॅप्टोप्रिल हे बीपीचं औषध आलं, १९८१ मध्ये अमेरिकेत मंजूरही झालं. आजची रामिप्रिल, एनालाप्रिल त्याच घराण्यातली.

शेवाळातल्या प्रथिनांचे तुकडे केले की तशीच छोटी पेप्टाइड्स मिळतात, काही तर दोनच अमिनो आम्लांची, आणि लॅबमध्ये तीही एसीईला अडवतात. जपानमध्ये वाकामे आणि नोरी या समुद्री शेवाळांपासून काढलेली अशी पेप्टाइड्स प्रेशर थोडंसं वर असलेल्यांसाठी खाद्यपदार्थांत घालून विकली जातात, सरकारी परवानगीने. नोरी म्हणजे सुशीला गुंडाळलेलं ते काळपट पान हो, आणि त्याचं भावंड पोर्फायरा पावसाळ्यात आपल्या कोकणातल्या खडकांवरही येतं, आपण ढुंकूनही बघत नाही ती गोष्ट वेगळी.

पण लगेच गोळी बंद करून शेवाळाचं सूप सुरू करू नका. लॅबमधला परिणाम पोटात गेल्यावर तेवढाच राहील असं नाही, पचनात बरीच पेप्टाइड्स तुटतात, आणि जे उरतं त्याचा असर गोळीच्या मानाने सौम्य असतो. बँडस्टँडचं तर तोंडात घालूच नका, शहराचं सांडपाणी त्याच समुद्रात जातं आणि शेवाळ जड धातू शोषून घेतं. शिवाय एसीई अडवणाऱ्या गोळ्यांनी अंगात पोटॅशियम साठतं आणि शेवाळात ते भरपूर असतं, म्हणून ऑनलाइन मिळणारी शेवाळाची पावडर घ्यायची असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, विशेषतः किडनीचा त्रास असेल तर.