टॅबमधलं ‘नको’

श्रोतेहो, नमस्कार.

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांच्या शाळेत तंत्रज्ञान म्हटलं की रंगीत पडदे, बोलके रोबो आणि खेळता खेळता गणित शिकवणारी ॲप्स डोळ्यांपुढे येतात. मी आज मुख्यतः एकाच वस्तूबद्दल बोलणार आहे. मूल चित्रावर बोट ठेवतं आणि टॅब तो शब्द मोठ्याने म्हणतो, त्या बोलक्या टॅबबद्दल. शाळेने पैसा, वेळ आणि जीव ओतायचा तो आधी इथे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑटिझम असलेली बरीच मुलं बोलतात, काही तर भरभरून बोलतात. पण काही मुलं शाळेच्या वयातही तोंडाने बोलत नाहीत, किंवा मोजके शब्दच बोलतात. एरवी बोलणारं मूलही गोंगाटात, घाबरल्यावर एकदम गप्प होतं. शब्द माहीत असतात, ते ओठांवर येत नाहीत. अशा मुलांसाठी १९८५ मध्ये अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट या दोघांनी अमेरिकेत चित्रकार्डांची एक पद्धत विकसित केली. मुलाने हव्या असलेल्या वस्तूचं कार्ड समोरच्याच्या हातात द्यायचं. मागण्यासाठी आधी माणसाकडे जावं लागतं, हे त्यातलं मर्म. बोलकी यंत्रंही तेव्हा होती, पण जड आणि फार महाग. २०१० नंतर टॅब हातोहाती आले आणि चित्र बसेल तिथे आवाजही बसला.

पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: याची सवय लागली तर मूल तोंडाने बोलायचंच सोडून देईल का? ही काळजी मी कधीच हसण्यावारी नेत नाही. २००६ मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. विकासात अडचणी असलेल्या ज्या २७ जणांबद्दलचा पुरावा सर्वांत भक्कम होता, त्यांच्यापैकी एकाचंही बोलणं अशा साधनांमुळे कमी झालं नव्हतं. बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं. तेव्हा बोलणं येण्याची वाट बघत टॅब कपाटात ठेवू नका.

आता खरा मुद्दा. नव्याने तयार केलेल्या टॅबचा पहिला पडदा उघडून बघा. पाणी, बिस्किट, बाथरूम, झोका, फार तर बाईंचा फोटो. सगळी नामं, आणि सगळी मोठ्यांनी निवडलेली. एवढ्यावर मूल फक्त मागू शकतं. नाकारू शकत नाही, तक्रार करू शकत नाही, विचारू शकत नाही. म्हणून ‘नको’, ‘थांब’, ‘अजून’, ‘कुठे’, ‘माझं’, ‘दुखतंय’, ‘कंटाळा आला’ हे शब्द पहिल्याच दिवशी पहिल्याच पडद्यावर हवेत. आणि एक आख्खं वाक्य हवं: ‘मला हे म्हणायचं नव्हतं.’ आपण मुलाचं बोलणं चुकीचं समजतो आणि त्याच्याकडे ते दुरुस्त करायला काहीच नसतं, ही फार मोठी कुचंबणा आहे. टॅबची भाषा मुलाच्या घरचीच असावी, हे वेगळं सांगायला नको.

‘थांब’ दिला म्हणजे काम संपलं असं नाही. एक मुलगी बेरजांचा कागद सोडवते आहे. चौथ्या बेरजेला ती टॅबवर ‘थांब’ दाबते. बाई प्रेमानेच म्हणतात, “एवढं पान संपव, मग थांबू.” ती पुन्हा दाबते. बाई कागदावर बोट ठेवतात, “ही बघ, सोपी आहे.” तिसऱ्यांदा ती टॅबला हात लावत नाही, कागद फाडते. त्या दिवशीच्या वर्तन नोंदवहीत काय लिहिलं जातं? ‘कागद फाडला.’ त्याआधी दोनदा ‘थांब’ म्हटल्याची नोंद कुठेच नसते. मुलगी मात्र एक धडा पक्का शिकते: बटणाने काही होत नाही, फाडल्याने होतं.

पहिल्या ‘थांब’लाच बाईंनी पेन्सिल खाली ठेवली असती, थोडा वेळ जाऊ दिला असता आणि मग टॅबवरच ‘अजून’ आणि ‘दोन’ दाबून विचारलं असतं, तर? कदाचित दोन बेरजा झाल्या असत्या, कदाचित नसत्याही. पण बेरजा उद्या होतील. आपल्या शब्दाला वजन आहे हे मुलाला आज कळायला हवं. औषध घेताना, रस्ता ओलांडताना थांबता येत नाही, हे मान्य. तेव्हाही “ऐकलं, तुला नकोय. हे झालं की थांबू,” एवढं म्हणावंच. आणि झालं की खरंच थांबावं.

दुसरी गोष्ट शिक्षकांनी स्वतः करायची आहे. टॅबवर आपणही बोलायचं. “चल, बाहेर जाऊ” म्हणताना ‘बाहेर’वर आपलं बोट पडलं पाहिजे. तान्हं बाळ पहिला शब्द बोलण्याआधी महिनोन्‌महिने आपलं बोलणं ऐकत असतं. टॅबवर बोलणारं मूल मात्र तसं बोलणारं दुसरं माणूस बघतच नाही, आणि पंधरा दिवसांत आपण म्हणतो, याला जमत नाही. बोट ठेवून झालं की गप्प राहून वाट बघायची. ही वाट बघणं भल्याभल्यांना जड जातं. मूल ‘झोका झोका झोका’ करत राहिलं तर चिडू नका, आवाज बंद करू नका. शब्द हाताळून बघण्याची ती रीत असू शकते. बटणांच्या जागाही हलवू नका. सरावाने बोट आपोआप तिथे जातं. सुरुवातीला शब्द थोडेच दाखवायचे असतील तर बाकीची बटणं लपवा, म्हणजे पुढे ती उघडताना जुन्यांची जागा बदलत नाही.

आणि शिक्षा म्हणून टॅब काढून घेणं साफ बंद करा. बोलणाऱ्या मुलाने दंगा केला तर आपण त्याची वाचा काढून घेत नाही. खेळासाठी शक्यतो दुसरा टॅब असावा. ते जमत नसेल तर बोलायचं ॲपच तेवढं चालू राहील अशी सोय बहुतेक टॅबमध्ये असते, ती वापरा.

बाकीच्या साधनांबद्दल थोडक्यात. दिवसाचं चित्रवेळापत्रक पडद्यावर असणं फार उपयोगाचं, मात्र त्यात ‘आज बदल आहे’ असं चित्र हवंच. आवाज आणि प्रकाश यांबद्दलची तीव्र संवेदनशीलता २०१३ पासून ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतही आली आहे. तरी बरीच शैक्षणिक ॲप्स उत्तर बरोबर आलं की टाळ्या आणि फटाके वाजवतात. सेटिंगमध्ये जाऊन ते आवाज बंद करा. रोबोंवर प्रयोग झाले आहेत. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर विद्यापीठाचा कास्पर त्यातला प्रसिद्ध. त्याच्याशी आळीपाळीने खेळणं शिकलेलं मूल माणसांशीही तसं खेळतं का, हे विचारूनच पैसे खर्च करावेत.

एका प्रकारापासून मात्र सावध राहा. मोठ्या माणसाने मुलाचा हात किंवा मनगट धरायचं आणि मुलाने अक्षरं दाबायची, असं काही ठिकाणी चालतं. काटेकोर चाचण्यांमध्ये ती अक्षरं मुलाची नसून हात धरणाऱ्याची निघाली, त्याच्याही नकळत. अमेरिकेतल्या वाचा आणि श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये ही पद्धत वापरू नये असं पुन्हा स्पष्ट बजावलं. पालकांची आशा किती ओढ लावते ते मी जाणते. पण दुसऱ्याचे शब्द मुलाच्या नावावर लागले, तर त्याचे स्वतःचे कोण ऐकणार?

जाता जाता पालकांना एक विनंती. सुट्टीत टॅब शाळेच्या कपाटात बंद राहणार नाही, हे आजच विचारून घ्या. बॅटरी संपली, पोहायला गेलं, तर हाताशी असावी म्हणून त्याच पडद्याची छापील, प्लॅस्टिक लावलेली प्रत करून ठेवा. आणि मुलाची शाळा बदलणार असेल तर त्याच्या शब्दांची फाईल उतरवून स्वतःजवळ ठेवा, म्हणजे नव्या शाळेत पुन्हा पाणी आणि बिस्किटापासून सुरुवात होणार नाही. नमस्कार.