ड्रॅगनच्या तोंडाशी

(दृश्य : क्वीन्स पार्क ओव्हल. रिकामं मैदान, मागे हिरवे डोंगर.)

पोर्ट ऑफ स्पेन, कॅरिबियनमधल्या त्रिनिदादची राजधानी. मराठी कानाला हे नाव काही नवं नाही. १९७१च्या मार्चमध्ये मुंबईचा एक एकवीस वर्षांचा मुलगा याच मैदानावर आपली पहिली कसोटी खेळला. ६५ आणि नाबाद ६७. पुढच्या महिन्यात तो इथंच परत आला, आणि एकाच सामन्यात १२४ आणि २२०. सुनील गावसकर. मुंबईत त्याचं कौतुक झालंच, पण त्रिनिदादच्याच एका गायकानं त्याच्यावर कॅलिप्सो रचलं. ज्यानं आपल्याला घरात येऊन हरवलं, त्याच्यावर गाणं!

हे गावच असं आहे. इथं प्रत्येक गोष्टीचा निकाल लागतो, आणि तो चारचौघांत, मोठ्या आवाजात लागतो. कार्निव्हल आला की कॅलिप्सोचा राजा निवडायचा. तेलाच्या पिंपांतून जन्मलेल्या स्टीलपॅनच्या वाद्यवृंदांची स्पर्धा, पॅनोरमा, १९६३पासून चालू आहे. पोशाखांतही राजा निवडतात, राणी निवडतात. आणि निकालानंतर परीक्षकांचा उद्धार. आपल्याकडे एकांकिका स्पर्धेचा पडदा पडल्यावर चहाच्या टपरीवर जे चालतं, तेच.

पुस्तकांचा निकाल मात्र बराच काळ दुसरीकडे लागत होता. लंडनला.

(दृश्य : जुना रेडिओ. बंदरातली जहाजं.)

१९४३ ते १९५८ या काळात बीबीसीवर 'कॅरिबियन व्हॉइसेस' नावाचा कार्यक्रम होता. बार्बाडोसमध्ये, जमैकात, त्रिनिदादमध्ये बसून कुणी कथा लिहायची, ती लंडनला पाठवायची, तिथल्या संपादकानं निवडली तर ती समुद्र ओलांडून रेडिओवरून परत यायची. शेजारच्या बेटावर काय लिहिलं जातंय हे कळायला लंडन मध्ये लागायचं. त्या कार्यक्रमानं पुष्कळ लेखक घडवले, हे मान्यच करायला हवं. पण पुढचा रस्ताही त्यानंच दाखवला. १९५०मध्ये बार्बाडोसचा जॉर्ज लॅमिंग आणि त्रिनिदादचा सॅम सेल्व्हन, हे दोन तरुण लेखक एकाच जहाजानं इंग्लंडला गेले. त्याच वर्षी अठरा वर्षांचा व्ही. एस. नायपॉल ऑक्सफर्डला गेला. लिहायचं तर बेट सोडायचं, हे जणू ठरूनच गेलं होतं.

(दृश्य : नकाशा. त्रिनिदादचं वायव्य टोक, पलीकडे व्हेनेझुएला.)

नकाशावर पाहा. त्रिनिदादचं हे टोक आणि समोरचा व्हेनेझुएलाचा किनारा, यांच्यामध्ये दोन-चार लहान बेटं आणि त्यांच्यातून वाहणाऱ्या अरुंद सामुद्रधुन्या. १४९८मध्ये कोलंबस इथून गेला तेव्हा पाण्याचा जोर पाहून त्यानं नाव ठेवलं 'ड्रॅगनचं तोंड'. स्पॅनिशमध्ये तोंडाला बोका म्हणतात, अनेकवचनी बोकास. उत्तरेकडून पोर्ट ऑफ स्पेनला येणारं जहाज याच तोंडातून आत शिरतं.

२०११मध्ये मरिना सलांडी-ब्राउन यांच्या पुढाकारानं पोर्ट ऑफ स्पेनमध्ये एक साहित्य महोत्सव सुरू झाला आणि त्यानं हेच नाव घेतलं, बोकास. तोंड म्हटलं की बोलणं आलंच, त्यामुळे नाव चपखल बसलं. त्याच वर्षी पुरस्कारही सुरू झाला : ओसीएम बोकास प्राइझ फॉर कॅरिबियन लिटरेचर. ओसीएम म्हणजे वन कॅरिबियन मीडिया, वर्तमानपत्रं चालवणारी कंपनी. महोत्सवाच्या नावापुढे अनेक वर्षं राष्ट्रीय गॅस कंपनीचं नाव आहे. तेल आणि वायूवर चालणाऱ्या देशात कवितेची चूलही शेवटी गॅसवरच पेटते.

पद्धत सोपी आहे. कविता, कथात्म साहित्य आणि ललितेतर गद्य, या तीन विभागांतून एकेक पुस्तक निवडायचं. मग त्या तिघांची एकमेकांशी गाठ घालायची आणि एकाला दहा हजार अमेरिकन डॉलर द्यायचे. कवितासंग्रहाची तुलना कादंबरीशी करायची कशी? खरं तर करता येत नाही. पण पोशाखाला आणि गाण्याला गुण देणाऱ्या गावाला हा प्रश्न पडत नसावा. आणि गंमत म्हणजे त्यामुळेच इथं कविता मागे राहत नाही. २०११ ते २०२४ या चौदा वर्षांत चार वेळा सर्वोच्च मान कवितेला मिळाला.

(दृश्य : राष्ट्रीय ग्रंथालय, शेजारी जुनी अग्निशमन केंद्राची इमारत.)

दुसऱ्या वर्षीचा मानकरी मला फार आवडतो. कादंबरीकार अर्ल लव्हलेस, तेव्हा वय ७६. ज्या पिढीतले लेखक लंडनला गेले, त्या पिढीतला हा न गेलेला माणूस. वनखात्यात नोकरी केली, वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली, आणि त्रिनिदादच्या माणसांवर त्रिनिदादमध्येच राहून लिहिलं.

२०१९मध्ये तर परीक्षकांनी कमालच केली. केव्हिन अडोनिस ब्राउन यांचं 'हाय मास' हे कार्निव्हलवरच्या छायाचित्रांचं आणि निबंधांचं पुस्तक. अंगाला निळा रंग फासून डोंगरातल्या पॅरामिन गावातून उतरणारे सैतान, उंच काठ्यांवर चालणारे मोको जंबी. छायाचित्रांचं पुस्तक साहित्य म्हणून पहिलं आलं, आणि ललितेतर गद्याला सर्वोच्च मान मिळाला तोही तेव्हाच पहिल्यांदा. पुढच्या वर्षी रिचर्ड जॉर्जेस. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सचा कवी, जिथली वस्ती तीस हजारांच्या घरात. २०१७च्या इर्मा चक्रीवादळानं बेट झोडपून काढल्यानंतरच्या कविता.

(दृश्य : नेल्सन बेट. मग कॅरोनीचं मैदान, उसाची जुनी शेतं.)

इथं थोडं आपल्या बाजूला वळू. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन त्रिनिदादला पोचलं. ही मजुरांची वाहतूक १९१७पर्यंत चालली. बहुतेक लोक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे, भोजपुरी बोलणारे. त्यांच्या वंशजांनी रामलीला जपली. १९९२मध्ये कवी-नाटककार डेरेक वॉलकॉट यांना नोबेल मिळालं, तेव्हा स्टॉकहोममधल्या भाषणाची सुरुवात त्यांनी कॅरोनीच्या कडेच्या फेलिसिटी या गावापासून केली. तिथली रामलीला बघायला ते गेले होते. नाटककार असल्यामुळे त्यांना समोर नाटक दिसलं, नट दिसले. मग लक्षात आलं की हे नट नाहीतच, यांची श्रद्धा आहे. आपण चुकीच्या नजरेनं पाहत होतो, हे त्यांनी नोबेलच्या व्यासपीठावर सांगून टाकलं.

(दृश्य : सेंट लुशिया. कॅस्ट्रीज बंदर, पाण्याच्या कडेला पांढरे बगळे.)

हे वॉलकॉट सेंट लुशियाचे. बेटाची लोकसंख्या जेमतेम पावणेदोन-दोन लाख, म्हणजे आपला एखादा तालुका. या तालुक्यानं दोन नोबेल मिळवली. अर्थशास्त्राचं आर्थर लुईस यांनी आणि साहित्याचं वॉलकॉट यांनी. दोघांचाही वाढदिवस २३ जानेवारी! बोकासच्या यादीतही बेट तीनदा आलं : २०१५मध्ये पहिलाच संग्रह घेऊन आलेला तरुण व्लादिमिर लुसिएन, २०२१मध्ये कॅनडात राहणाऱ्या कनिशिया लुब्रिन, आणि त्या दोघांच्याही आधी, अगदी पहिल्या वर्षी, स्वतः वॉलकॉट.

त्या पहिल्या निकालावर नाकं मुरडता आली असती. ८१ वर्षांचा नोबेलविजेता, त्याला आणखी एक हार कशाला? शिवाय 'व्हाइट इग्रेट्स', म्हणजे 'पांढरे बगळे', या त्याच संग्रहाला काही महिन्यांपूर्वी लंडननं टी. एस. एलियट पुरस्कार देऊन झाला होता. पुरस्कारानं कवीला मोठं केलं की कवीनं पुरस्काराला, हे उघडच आहे. पण नव्या पुरस्काराला पहिल्याच वर्षी असा पाहुणा लाभणं, आणि त्यानं तो घेणं, यात त्या कवीचा आणि पोर्ट ऑफ स्पेनचा एक जुना हिशेब होता.

(दृश्य : छापखाना. खिळे, शाई, कागदाचे गठ्ठे.)

१९४८ साल. अठरा वर्षांच्या डेरेकला कवितांचं पुस्तक काढायचं होतं. वडील तो वर्षाचा असतानाच गेलेले. आई शाळेत शिकवायची, वर कपडे शिवायची. पोरानं तिच्याकडे दोनशे डॉलर मागितले. त्या घराला ती रक्कम झेपणारी नव्हती, पण कुठून तरी तिनं ती उभी केली. हस्तलिखित समुद्र ओलांडून त्रिनिदादला गेलं आणि पंचवीस कवितांचं ते पुस्तक पोर्ट ऑफ स्पेनच्या एका छापखान्यात छापलं गेलं. छापलेल्या प्रती सेंट लुशियाला आल्यावर पोरगा ओळखीपाळखीत एकेक विकत फिरला.

आईचे पैसे वसूल झाले.