भाकरी, वरण आणि लायसिनचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार. दिवसाला 300 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी खाल्ल्या, तर साधारण 30 ग्रॅम प्रथिनं पोटात जातात. आकडा चांगला वाटतो. पण त्यातून लायसिन मिळतं जेमतेम 650 मिलिग्रॅम, आणि 60 किलो वजनाच्या निरोगी माणसाला रोज लागतं 1800.

प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतली नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती जेवणातूनच यावी लागतात. लायसिन त्यांतलंच एक, आणि धान्यावर भिस्त असलेल्या ताटात सगळ्यात आधी तेच कमी पडतं. एक आम्ल अपुरं पडलं की बाकीची असूनही बांधकाम अडतं. ती साठवताही येत नाहीत, जळून जातात.

लायसिन रोज किती लागतं याचं मोजमापही यावरच बेतलेलं आहे. खुणेचा, म्हणजे वेगळा ओळखता येणारा कार्बन असलेलं दुसरं अमिनो आम्ल, बहुधा ल्युसिन, माणसाला देतात आणि त्याचा श्वास तपासतात. लायसिन कमी असलं की ल्युसिन जळतं आणि तो कार्बन उच्छ्वासात वाढलेला दिसतो. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात भारतीयांवर असे प्रयोग झाले. 1985च्या आंतरराष्ट्रीय अहवालात लायसिनची गरज किलोमागे 12 मिलिग्रॅम धरली होती, 2007च्या अहवालात ती 30 झाली. म्हणजे अडीच पट! आपल्याकडच्या भाकरी-भाताच्या जेवणासाठी ही दुरुस्ती फार मोलाची आहे.

तूट भरते डाळीने. 60 ग्रॅम तूरडाळीतून सुमारे 900 मिलिग्रॅम लायसिन मिळतं, पेलाभर दुधातून आणखी 600. पचनात थोडं वाया जातं, तेवढी सोय यात आहे. मात्र डाळ कोरडी मोजायची, शिजलेली नव्हे. घोळ होतो तो इथेच. 75 ग्रॅम डाळीची पातळ आमटी चौघांत वाढली, तर माणशी 290 मिलिग्रॅमसुद्धा नीट पडत नाही. वरण घट्ट ठेवा, नाहीतर जोडीला पिठलं किंवा मुगाची उसळ करा. डाळीत मेथिओनिन हे त्या नवांतलं दुसरं आम्ल कमी असतं, ते भाकरी पुरवते. दोन्ही एकाच घासात यायला हवं असं नाही, दिवसभरात पोटात गेलं तरी चालतं.

उपवासाच्या दिवशी जास्त जपायला हवं. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच, आणि दाण्याच्या कुटात ती भरपूर असली तरी लायसिन बेताचंच. त्यापेक्षा राजगिरा आणि दूध घ्या; राजगिऱ्यात इतर धान्यांहून लायसिन जास्त असतं.

आणखी एक. बिस्किटं खरपूस भाजताना किंवा दूध तांबूस होईपर्यंत आटवताना साखर लायसिनला चिकटते, आणि तेवढं लायसिन शरीराच्या उपयोगी पडत नाही. प्रेशर कुकरमध्ये डाळ शिजवताना असं होत नाही. उलट तिच्यातले पचनाला अडवणारे घटक उष्णतेने निकामी होतात.

हा सगळा हिशेब निरोगी प्रौढांचा आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर डाळीचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा. नमस्कार.