काजूचं गोत

(काजूचा मोहोर, अगदी जवळून)

वेंगुर्ल्याकडच्या बागेतला हा काजूचा मोहोर. फूल जेमतेम नखाएवढं. पाच पाकळ्या, उमलताना फिकट असतात, मग गुलाबी रेघा गडद होत जातात आणि पाकळ्या मागे वळतात. एकाच तुऱ्यात काही फुलं नुसती नर, काही द्विलिंगी. फळ धरतं ते द्विलिंगी फुलातच. पुंकेसर सात ते दहा, पण त्यातला एकच बाकीच्यांहून लांब, ठळक. आंब्याच्या मोहोरातही परागकण देणारा पुंकेसर बहुधा एकच असतो. हे नातं डोळ्यांनी दिसतं.

(बी आणि बोंडू)

आधी वाढते ती ही हिरवी, बाकदार बी. खरं फळ हेच. ती मोठी झाली की वरचा देठ फुगायला लागतो. लाल-पिवळा, रसाळ बोंडू म्हणजे तो देठ!

(रानातला बिबा)

आता हा बिबा पाहा. फुगून शेंदरी झालेला देठाकडचा भाग आणि टोकाला काळी बी. तीच रचना. काजू मूळचा ब्राझीलचा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आलेला. बिबा मात्र इथलाच.

(आंब्याचा देठ तुटतो, चीक उडतो)

काजू-आंबा-बिब्याच्या या कुळाची पक्की ओळख हीच. सालीत, पानांत, फळांत राळेच्या सूक्ष्म नलिका असतात. आंब्याचा चीक ओठाला लागला की फोड येतो, ओले काजू सोलताना हाताची सालटी निघतात आणि बिब्याने तर अंग उततं. बिब्याचा रस कपड्यावर काळा पडतो, धुऊनही जात नाही; म्हणून परीट त्याने खुणा करायचे. एवढ्या जहाल टरफलाच्या आत काजूगर आणि गोडंबी, म्हणजे बिब्याचा गर, दोन्ही गोड. झाडाने आपलं बी असं राखलंय.

(शिमटी, अंबाडा)

जगभर या कुळात सुमारे आठशे जाती आहेत. काजू, आंबा, बिबा यांची पानं साधी, एकाआड एक. शिमटी आणि अंबाड्याची पानं संयुक्त, तरी तीही याच घरची. चारोळीसुद्धा.

(मोकळा केलेला उतार, नवी कलमं)

ही कलमं वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या काजूच्या वाणांची. त्यांच्यासाठी उतार साफ केला, त्यात शिमटी आणि बिबा गेले.