दोन नॅनोमीटरचा पापुद्रा

नमस्कार, श्रोतेहो. नाशिकच्या वायनरीतल्या स्टेनलेस स्टीलच्या टाक्या तुम्ही पाहिल्या असतील. आत आंबट द्रव, त्यात सल्फर डायऑक्साइड, तरी पोलाद टिकतं. त्याला राखतो तो पृष्ठभागावरचा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा, जाडी जेमतेम १ ते ३ नॅनोमीटर. तो धड आहे का, हे न खरवडता कळतं इम्पिडन्स, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या विजेला होणारा एकूण अडथळा, मोजून.

३०४ या प्रकारच्या स्टेनलेस स्टीलची पट्टी घ्या. १ चौरस सेंटीमीटर उघडा ठेवून बाकी सगळं इपॉक्सीनं झाका. ३२० पासून १२०० नंबरपर्यंत पॉलिश पेपर लावा, नंबर बदलला की पट्टी काटकोनात फिरवा. मग अल्कोहोल, डिस्टिल्ड वॉटर. साडेतीन टक्के मिठाच्या द्रावणात पट्टी, प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड आणि रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत पट्टीचं व्होल्टेज मोजतात तो) सोडा, आणि तासभर हात लावू नका. पट्टीचं पोटेन्शियल, म्हणजे हे व्होल्टेज, सरकत असेल तर पापुद्रा अजून बदलतोय, आणि बदलत्या वस्तूचं माप खोटं येतं.

मग पोटेन्शिओस्टॅटनं, म्हणजे पट्टीचं व्होल्टेज ठरवून प्रवाह मोजणाऱ्या यंत्रानं, १० मिलिव्होल्टची लहर द्यायची, १०० किलोहर्ट्झपासून खाली १० मिलिहर्ट्झपर्यंत. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये शेजारी मोटारी चालू असतात, म्हणून सेल अर्थिंग केलेल्या पत्र्याच्या पेटीत ठेवा. नाहीतर ५० हर्ट्झजवळचे बिंदू उधळतात.

मोजलेले बिंदू आलेखावर मांडले की अर्धवर्तुळ दिसतं, आणि त्याच्या रुंदीवरून पापुद्र्याचा रोध कळतो. खरी फसगत कमी वारंवारतेच्या टोकाला होते. समजा, पापुद्र्याचा रोध २० लाख ओहम आणि धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) १० मायक्रोफॅरड आहे. गुणाकार २० सेकंद, म्हणजे अर्धवर्तुळाचा माथा ८ मिलिहर्ट्झला. तुम्ही १० ला थांबलात, तर माथासुद्धा दिसलेला नाही! तरी सॉफ्टवेअर रोधाचा आकडा चार दशांशांपर्यंत देतं. तो अंदाज आहे, माप नव्हे. शेजारचा त्रुटीचा रकाना आधी वाचा. १ मिलिहर्ट्झपर्यंत उतरायचं तर एकेका आवर्तनाला १,००० सेकंद लागतात. तेवढ्यात पापुद्रा बदलला का, हे पाहायला शेवटी वरच्या वारंवारतेचे काही बिंदू पुन्हा मोजा. जुळले नाहीत तर ते मोजमाप बाद.

धारकतेवरून काढलेल्या जाडीचंही तसंच. त्याच १० मायक्रोफॅरडवरून डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पापुद्र्याच्या पदार्थाचा विद्युत गुणधर्म, जो आपल्याला गृहीत धरावा लागतो) १२ धरला तर १.१ नॅनोमीटर येतात, ३० धरला तर २.७. म्हणून सुट्या आकड्यावर विसंबू नये. नायट्रिक आम्लाच्या पॅसिव्हेशनआधी, म्हणजे पापुद्रा पक्का करणाऱ्या प्रक्रियेआधी, आणि नंतर, एकच स्थिरांक धरून तुलना करावी. ती मात्र कामाची. आणखी एक, फिटिंगमधल्या (मोजमापाला गणिती मॉडेल जुळवताना वापरलेल्या) सीपीई घटकाचा, म्हणजे आदर्श धारकाऐवजी घेतलेल्या घटकाचा, आकडा थेट धारकता म्हणून वापरू नका. त्या घटकाचा घातांक १ पेक्षा कमी असला की त्याचं एककच वेगळं असतं.

पट्टी बाहेर काढल्यावर इपॉक्सीची कड भिंगाखाली पाहा. तिथे केसाएवढी तपकिरी रेघ दिसली, तर द्रावण फटीत शिरलं होतं. तुम्ही मोजलात तो पापुद्रा नव्हे, फटीतला गंज. नवी पट्टी घासायला घ्या.