बारा म्हणजे अकरापेक्षा जास्तच!

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'मोबाइलचा सिरियल पोर्ट आणि मायक्रोकंट्रोलर'. त्याआधी मला एका क्रिस्टलबद्दल, म्हणजे चिपला ठेका देणाऱ्या तुकड्याबद्दल, तक्रार करायची आहे. पाच मिनिटं. (हशा) हसू नका, खरंच पाच.

इंदूरजवळ सांवेरकडे आमच्या काकांचं शेत आहे. गव्हाला पाणी द्यायचं तर वीज रात्री, म्हणजे ऐन थंडीत दोनला उठून मोटर लावायला जायचं. मी म्हटलं, काका, घरातला जुना फोन द्या, त्याला ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला छोटा कंप्यूटर, जोडतो. तुम्ही पांघरुणातून मिस्ड कॉल द्यायचा, मोटर चालू. काकू म्हणाली, "आधी जेवून घे."

दुसऱ्या दिवशी जेल रोडला जाऊन ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल मागितला. दुकानदार म्हणतो, "भिया, बारह का ले जाओ, ग्यारह से तो ज्यादा ही है!" आणि मी, इंजिनिअर माणूस, घेतला! वरून धन्यवाद म्हणालो.

एलईडी झकास लुकलुकला. फोन मात्र ढिम्म. तीन रात्री गेल्या. केबल तीनदा डाग देऊन जोडली, फोन बदलला, काकांच्या नजरेला नजर देणं बंद केलं. शेवटी सर्किट कंप्यूटरला लावून पाहिलं. मी पाठवतोय 'एटी', म्हणजे फोनला द्यायच्या हुकमाची सुरुवात, पडद्यावर उमटतंय भलतंच.

फोनशी बोलायचा वेग ठरला होता सेकंदाला ९६०० बिट. हिशेब शाळेतला आहे हो. तो वेग काढायला ८०५१ क्रिस्टलला आधी १२ ने भागतो, मग ३२ ने. ११.०५९२ चे होतात बरोबर २८८००. तीनने भागा, ९६००, बाकी शून्य. बाराचे होतात ३१२५०. तीनने भागलं की १०४१७. साडेआठ टक्के घाई. एका अक्षराचे स्टार्ट-स्टॉप धरून दहा बिट, शेवटी पोचेपर्यंत पाऊण बिटाहून जास्त चूक. पंगतीत वाढपी असा पळाला तर वरण शेजारच्याच्या पानात. (ज्यांना चारने भागायचं सुचतंय, त्यांनी घरी भागून पाहावं.)

चिठ्ठी आली. तीन मिनिटं? बरं, मूळ विषय.

फोन एटी कमांड समजणारा हवा. नोकिया ३३१० नको, त्याची एफबस वेगळीच भाषा, वेगही ११५२००. जिओचं सिमही नको, जुना फोन २जीवरच चालतो आणि त्यांच्याकडे २जी नाही. मॅक्स२३२ ही चिप कंप्यूटरसाठी असते, ती मध्ये घातलीत तर फोन जळू शकतो. फोनची पातळी साधारण २.८ व्होल्ट, ८०५१ ची ५. म्हणून ८०५१ ची टीएक्स, म्हणजे पाठवायची तार, फोनच्या आरएक्सला, म्हणजे घ्यायच्या तारेला, जोडण्याआधी तिचे व्होल्ट तेवढे उतरवा. उलट दिशेला काही लागत नाही, ८९एस५२ ला, म्हणजे मी वापरलेल्या ८०५१ च्या भावंडाला, १.९ व्होल्टच्या वरचं सगळं 'एक'च वाटतं. ग्राउंडला ग्राउंड जोडा. तेही मी एकदा विसरलो होतो, पण ती गोष्ट आता नको.

प्रोग्रॅममध्ये टीएच१ या कप्प्यात एफडी हा आकडा, म्हणजे मघाचं तीनने भागणं. फोन वाजला की पोर्टवर 'रिंग' अशी अक्षरं येतात. ती आली की रिले, म्हणजे मोटरचं विजेवर चालणारं बटण, ओढायचा. एवढंच. आणि हो, एटी+सीएलआयपी=१ विसरू नका, म्हणजे कोणाचा नंबर ते कळतं. मी विसरलो होतो. एका दुपारी कोणा कर्ज देणाऱ्या बाईंनी तीनदा फोन केला, आणि काकांच्या काढून ठेवलेल्या हरभऱ्यावर पाणी.